खुंटा नंबर सात

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
रंकाळा स्टँडवरून सकाळची पावणेसातची गाडी.
खिडकीशी पूर्वा, मांडीवर भडंगाची पिशवी,
आणि मी, एकवीस वर्षांनी
माझंच काम बघायला निघालेला.

कंडक्टरला म्हटलं, करंजवडे, दीड.
त्यानं विचारलं, गावात का बंदरावर?
पूर्वा हसली. कोल्हापुरात बंदर?
मागच्या सीटवरची बाई म्हणाली,
हसू नगंस बाळा, आमच्याकडं लाँच लागती.
समुद्र न्हाई म्हणून काय झालं, पाणी हाय की.

हळदी, परिते. उसाच्या ट्रॉलीमागं अर्धा तास.
भोगावतीच्या वळणावर मळीचा वास,
पूर्वानं बाहीनं नाक दाबलं.
तिला सांगत होतो : लोखंड निवताना आकसतं,
म्हणून साचा करणाऱ्याची फूटपट्टी
चारचौघांच्या फूटपट्टीपेक्षा केसभर मोठी असते.
"म्हणजे खोटी?"
खोटी नव्हे. पुढचं धरून मोजणारी.
तिला पटलं नाही. भडंग खात राहिली.

गाव म्हणजे वर शाळा, खाली धरणाचा फुगवटा.
जुनं करंजवडे त्या पाण्यात.
पायऱ्या, तिकिटाची टपरी, दोन नावा, एक लाँच,
पलीकडच्या वाड्यांवरून आलेले दुधाचे कॅन,
चौघांनी उचलून उतरवलेली एक मोटारसायकल,
आणि धक्क्याच्या कडेला ओळीनं बारा खुंटे.

माझे.

सागवानात साचा मी कोरला होता.
गोल डोकं, आत घेतलेली कंबर, दोर निसटू नये म्हणून.
पाणी मला कुणी दाखवलं नव्हतं,
फक्त ड्रॉइंग, खाली कुणाची तरी सही.
सातवा ओतताना हवा अडकली.
निवल्यावर बघतो तर डोक्याच्या बगलेत भोक,
काडेपेटी मावेल एवढं.
ट्रक उभा होता. शेठ म्हणाले, भर आणि रंग मार.
मी भरलं. रंग मारला.
बिलात बारा लागले.

तेव्हापासून पेपरात नाव उलटल्याची बातमी आली
की मी आधी गाव वाचतो,
मग माणसं.

मोजत निघालो. पूर्वाला वाटलं खेळ आहे,
खुंट्याखुंट्याला टप्पल मारत ती पुढं.
एका ठिकाणी थांबली.
"पप्पा, ह्याला खिसा आहे."

रंग केव्हाच गेलेला. लांबी पाण्यानं खाल्लेली.
आणि लाँचचा दोर नेमका त्यालाच,
तीन वेढे,
घासून घासून कंबर आरशासारखी.

लाँचवाले दस्तगीर मुजावर उतरले,
भोकात दोन बोटं घालून काडेपेटी काढली,
विडी पेटवली, काडेपेटी परत आत.
"ह्योच एक कामाचा. बाकीचं अकरा नुसतं उभं हाईत.
भर पावसात काडी भिजत न्हाई बघा हितं."

आता बोलायला पाहिजे होतं.
मी विचारलं, लाँच किती वाजता?
"माणसं भरली की."

अकरा माणसं, एक शेळी, कुणाच्या तरी लग्नाचे मंडपाचे बांबू.
मधोमध गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं,
बोट खाली दाखवलं :
हितं आमची तालीम. लाल माती अजून आसंल.
पूर्वा वाकली, मी तिच्या फ्रॉकचं टोक धरलं.
तिला ढग दिसला. मला काहीच नाही.
पलीकडं उतरून चहा घेतला, आलं जास्त झालेला,
आणि त्याच लाँचनं परत.
उतरताना दस्तगीरभाईंनी दोर टाकला.
न बघता. सातव्यालाच.

परतीच्या गाडीत तिच्या अंगठ्याला गंज होता,
फ्रॉकला पुसून पुसून फ्रॉकलाही.
"पप्पा, तो खिसा तुम्ही मुद्दाम ठेवलासा?"

बाजूनं उसाचा ट्रॅक्टर चाललेला, टेप फुल्ल मोठा.
मी काय म्हणालो
ते मलाही नीट ऐकू आलं नाही.
तिनं मान हलवली,
आणि उरलेल्या भडंगातले शेंगदाणे वेचायला लागली.